ग्रेन फिलर की सँडिंग सीलर: गिटारच्या बॉडीवर कोणाचं काम काय

सागाची किंवा महागनीची बॉडी घासून तयार झाली, की पुढे कोणता डबा उघडायचा, इथे बडोद्यातले बरेच हौशी गिटार बनवणारे अडखळतात. दुकानात ‘लाकडाची छिद्रं बुजवायला काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर तीन वेगळ्या वस्तू येऊ शकतात: लांबी (पुट्टी), ग्रेन फिलर किंवा सँडिंग सीलर. लांबीचा निकाल लगेच लावू. ती खिळ्याच्या भोकासाठी, चिरेसाठी, तुटलेल्या कोपऱ्यासाठी. अख्ख्या बॉडीवर फासली तर लाकडाची नक्षीच झाकून टाकते. उरले फिलर आणि सीलर. यातला एक दुसऱ्याचं काम करेल असं समजून चालणं, ही घरी बनवलेल्या गिटारच्या पॉलिशमधली सगळ्यात महाग पडणारी गफलत. महाग अशासाठी, की ती महिन्याभराने दिसते. तोवर पिकअप, ब्रिज, तारा, सगळं चढलेलं असतं.

फिलर ही दाट पेस्ट असते. सिलिका किंवा खडूसारखी बारीक पूड तेलात, पाण्यात किंवा रेझिनमध्ये कालवलेली. ती रंध्रांत दाबायची आणि वरची सगळी पुसून काढायची. काम झाल्यावर पृष्ठभागावर फिलर दिसता कामा नये. सीलर उलट. तो पातळ असतो, पृष्ठभागावर बसतो, लाकडाची तहान भागवतो, म्हणजे वरचं लॅकर (शेवटचा चकचकीत थर) कुठे जास्त, कुठे कमी शोषलं जात नाही. त्याने उभे राहिलेले तंतू कडक होतात आणि घासून निघतात. नेहमीच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलरमध्ये झिंक स्टिअरेट असतं. त्यामुळे घासताना पांढरी कोरडी भुकटी पडते, काचकागद चोंदत नाही.

मग सीलरचेच आठ-दहा हात मारले तर रंध्रं भरणार नाहीत का? हिशेब करून बघा. सागाची मोठी रंध्रं पाव मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतात. फवारण्याइतक्या पातळ केलेल्या एनसी मालात घन पदार्थ साधारण पाचवा हिस्सा, बाकी सगळं उडून जाणारं थिनर. एक हात वाळून २०-२५ मायक्रॉन उरतो, आणि तोही खड्ड्याच्या तळाशी आणि काठावर सारखाच बसतो. म्हणजे खड्डा जसाच्या तसा, फक्त सगळी जमीन वर उचललेली. वरून घासून खड्ड्याच्या तळापर्यंत उतरलं तर तात्पुरतं आरशासारखं होतं खरं, पावसाळ्यात रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरून सपाट दिसतात तसं. पण रंध्रातला जाड गोळा सर्वांत शेवटी वाळतो, आठवडे-महिने आकसत राहतो, आणि रंध्राची रेघ पुन्हा खाली बसते.

आपल्या भागात हा गैरसमज रुजायला एक कारण हाताशी आहे. बडोद्याजवळच्या संखेड्याच्या फर्निचरचा नावलौकिक साग आणि लाखेवरच उभा आहे. लाखेच्या कातकामात, म्हणजे लेथवर, फिरत्या लाकडाला लाख लावली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते, रंध्रांत शिरते आणि थंड होऊन तिथेच घट्ट होते. भरणं आणि बंद करणं एकाच झटक्यात, कारण तिच्यात उडून जायला थिनर नाही. कातलेल्या गोल खांबाला ते जमतं. ४५ मिलिमीटर जाडीच्या, खाचा-खोबण्या असलेल्या सपाट बॉडीला लेथवर चढवता येत नाही. तिथे दोन कामं दोन वस्तूंनाच द्यावी लागतात.

कोणत्या लाकडाला फिलर लागतोच

साग, महागनी, शिसव, अक्रोड, अ‍ॅश, आंबा ही उघड्या रंध्रांची लाकडं. मेपल, अल्डर, आणि आपल्याकडचं हळदू ही घट्ट पोताची. त्यांना फिलर लावणं म्हणजे पेस्ट आणि वेळ वाया. त्यांना थेट सीलर. फेंडरने १९५६ च्या सुमारास स्ट्रॅटोकास्टरची बॉडी बहुतांशी अ‍ॅशऐवजी अल्डरची करायला घेतली. अल्डरचा एक फायदा नेमका हाच, भरण्याची पायरी वाचते. गिब्सनच्या १९५२ सालच्या लेस पॉलमध्ये तर एकाच बॉडीवर दोन्ही प्रकार भेटतात: मागे महागनी, वर मेपल. मागच्या बाजूला आणि कडांना फिलर, वरच्या मेपलला फक्त सीलर. असली बॉडी करत असाल तर मेपलची कड आधी सीलरने बंद करा. नाहीतर गडद फिलर पुसताना मेपलच्या अंगावर जो डाग उतरतो, तो घासूनही जात नाही.

मेपलच्या नेकला (गिटारच्या दांड्याला) फिलर लागत नाही. नेकवरच्या शिसवीच्या फ्रेटबोर्डला (बोटं टेकवायच्या पट्टीला) फिलर नको, सीलरही नको. तिथे थोडं तेल पुरे.

फिलर भरताना

बॉडी १२०, १५०, १८० नंबरच्या काचकागदाने घासत २२० वर थांबवा. ४०० पर्यंत गुळगुळीत करायचा मोह होतो, पण तेवढ्याने रंध्रांची तोंडं लाकडाच्याच भुशाने बंद होतात. भुसा ब्रश आणि हवेने काढून टाका. साग तेलकट असतो, म्हणून भरण्याच्या अगदी आधी थिनरने ओलं केलेलं फडकं एकदा फिरवा, आणि पाच-दहा मिनिटं उडू द्या.

रंगवायचं असेल तर डाय आधी. त्यावर खूप पातळ सीलरचा किंवा मेणरहित शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एकच हलका हात. हा रंध्रं बुजवायला नाही, डाय पुसला जाऊ नये आणि फिलरचा रंग सपाट भागाने पिऊ नये यासाठी. म्हणजे सीलर कधीकधी फिलरच्या खालीही येतो, आणि गोंधळात भर पडते ती इथेच. क्रम लक्षात ठेवा: डाय, पातळ हात, फिलर, मग खरा सीलर, मग लॅकर.

तेलातला फिलर घरीही कालवता येतो. बारीक खडूची पूड, बॉइल्ड जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन, रंगासाठी गेरू किंवा पिवडी. दाट दह्याइतका ठेवा. लाकडापेक्षा किंचित गडद रंग बरा. फिकट फिलर पुढे लाकूड काळवंडल्यावर ठिपक्या-रेघांनी उठून दिसतो. एका बॉडीला दोन वेळा भरायला १५०-२०० ग्रॅम पुरतो, त्यातला बराचसा पुसण्यातच जातो. जुन्या प्लॅस्टिक कार्डाने आधी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, मग तिरपा दाबत भरा. चमक जाऊन मळकट झाला की तरटाच्या तुकड्याने रेषांना आडवं पुसा. रेषांच्या दिशेने पुसलं तर भरलेलं उकरून बाहेर येतं. लवकर पुसलं तरी तेच. उशीर केला तर वरचा थर दगडासारखा होतो आणि तासभर घासत बसावं लागतं. म्हणून एका वेळी थोडीच जागा घ्या.

बॉडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाकडाची आडवी कापलेली बाजू येते. ती जास्त पिते. तिथे तिसऱ्यांदा भरावं लागेल हे धरूनच चला.

आणि मग वाट बघा. तेलातल्या फिलरवर एनसी मारायचं असेल तर निदान चार दिवस, थंडीत किंवा दमट हवेत आठवडा. नखाने दाबून खूण उठली, किंवा नाक लावल्यावर टर्पेंटाइनचा वास आला, तर तो वाळलेला नाही. पाण्यातला फिलर काही तासांत घासता येतो; त्यात तंतू थोडे फुगतात, तो थोडा आकसतो, म्हणून दोनदा भरावा. सर्वांत कमी आकसतो तो दोन भागांचा इपॉक्सी, कारण त्यातूनही काही उडून जात नाही. सावकाश घट्ट होणारा घ्या. पाच मिनिटांचा प्रकार कार्ड अर्ध्या बॉडीवर असतानाच घट्ट होतो. एका फेरीला ३०-४० ग्रॅम, दोन फेऱ्यांमध्ये २४ तास. दाट वाटला तर बाटल्या कोमट पाण्यात ठेवून सैल करा, थिनर घालू नका. थिनर घातलं की आकसणं परत आलंच. इपॉक्सीने लाकूड गडद आणि खोल दिसतं, सागावर ते फार शोभतं. पण घासताना एखाद्या जागी लाकूड उघडं पडलं तर तिथला रंग वेगळा दिसतो.

जवसाच्या तेलाचे बोळे आणि तरट चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

सीलर मारताना

भरलेली बॉडी ३२० ने ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासा, दिव्याचा झोत आडवा पाडून बघा. रंध्रं दिसली तर पुन्हा फिलर. सीलरने उरलंसुरलं भरून निघेल ही आशा इथेच सोडा. नेक पॉकेट (बॉडीतली नेक बसवायची खाच) मास्किंग टेपने बंद करा. आत थर साचला तर नेक बसत नाही, दाबून बसवली तर कोपऱ्यांतून तडा जातो. पॉकेटमधल्या स्क्रूच्या भोकांनाच एक लाकडी दांडी ठोकली की बॉडी धरायला मूठ मिळते.

सीलर आणि थिनर अर्धे-अर्धे, डब्यावर वेगळं लिहिलं नसेल तर. दोन हात, फार तर तीन. पाव लिटर सीलर एका बॉडीला भरपूर. मधे तासभर, शेवटी रात्रभर, मग ३२० ने हलकं. भुकटीऐवजी कागदावर गोळ्या जमल्या तर सीलर अजून ओला आहे. कडांवर हात हलका ठेवा, तिथे लाकूड सर्वांत आधी उघडं पडतं. घासून झाल्यावर रंध्रांत, खाचांत बसलेली पांढरी भुकटी हवेने काढायची. ती राहिली तर लॅकरखाली कायमची.

तीनपेक्षा जास्त हात का नकोत? घासायला सोपं करणारं स्टिअरेटच थराला मऊ आणि किंचित धुरकट करतं. जाड सीलरवरचं कडक लॅकर मऊ गादीवर बसल्यासारखं होतं: ब्रिजचे स्क्रू आवळताना भोकाभोवती कपच्या उडतात. भोकांच्या तोंडाला आधीच थोडा उतार दिलेला बरा.

पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) सीलरची गोष्ट वेगळी. त्यात घन पदार्थ जास्त, तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, आणि बारीक रंध्रं खरंच बऱ्यापैकी भरतो. पॉलिएस्टरचा तर याहून जाड बसतो. कारखान्यात ‘सीलरनेच भरलं’ असं ऐकू येतं ते बहुधा या मालाबद्दल. तो नियम एनसीच्या डब्याला लावू नये.

बिघाड कोणाचा, हे पृष्ठभागावरून

महिन्याने रेषांच्या दिशेने बारीक खोलगट रेघा आल्या तर दोन शक्यता: फिलर लावलाच नव्हता, किंवा ओल्या फिलरवर लॅकर चढलं. पहिल्यात रेघा सगळीकडे, दुसऱ्यात बहुधा जिथे फिलर दाट राहिला तिथे, आणि बरोबर राखाडी डागही.

पांढुरकी झाक आली तर ती कधी आली ते आठवा. फवारल्यावर काही मिनिटांत आली असेल तर दोष हवेचा. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. थिनरमध्ये थोडं रिटार्डर (थिनर सावकाश उडवणारं द्रव) घालून पातळ फवारा मारला की ती बहुतेक वेळा जाते. जी झाक गडद लाकडावर, तिरप्या उजेडात, कायम दिसते आणि रिटार्डरने हलत नाही ती जाड सीलरची. तिला औषध नाही. उतरवून पुन्हा करायचं. रंध्रांपुरतेच पांढरे ठिपके असतील तर ती राहिलेली भुकटी.

बडोद्याची हवा यात मोठा वाटा उचलते. जून ते सप्टेंबर फिलर भरा हवं तर, एनसी फवारू नका. मे महिन्याच्या चाळीस अंशांत थिनर हवेतच उडतं, थर खरखरीत बसतो, बुडबुडे अडकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. फक्त उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) आसपास गच्चीवर फवारायचा बेत आखू नये. वारा, धूळ आणि शेजारच्या पोरांचे पाय, तिन्ही ओल्या लॅकरवर येतात. एनसी झपकन पेटतं, तेव्हा गॅस, उदबत्ती, ठिणगी उडवणारा पंखा जवळ नको. सॉल्व्हंटच्या वाफेचा मास्क हवाच. कापडी रुमालाने काहीही अडत नाही.

शेवटच्या लॅकरनंतर तीन-चार आठवडे बॉडी टांगून ठेवा, मगच ओला काचकागद १०००, १५००, २००० आणि बफिंग. त्या अवधीत एखादी रेघ बसली तर घाबरून सगळं उतरवू नका. तेवढ्या जागी लॅकरचे थेंब बारीक ब्रशने सोडायचे, आठवडाभर वाळवायचे, आणि ब्लेड आडवं धरून सपाट खरवडायचे.