ब्रेन डेड रुग्णाचे अवयवदान: सोलापुरात लागणारे कागद, पात्रता आणि आयसीयूतली काळजी

अवयवदानाच्या कायद्याच्या दृष्टीने ब्रेन डेड म्हणजे मृत्यूच. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०१४ चे नियम यांवर पुढची सगळी प्रक्रिया चालते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे येतो. कोणता अवयव कोणाला, हे तिथल्या प्रतीक्षा यादीवरून ठरते.

अवयव काढण्याची परवानगी फक्त नोंदणीकृत रुग्णालयाला असते: प्रत्यारोपण केंद्र किंवा नुसते अवयव काढण्याचे केंद्र. आपले रुग्णालय नोंदणीकृत आहे का, हे रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला पहिल्याच दिवशी विचारा. ऐनवेळी रुग्ण हलवायचा म्हटले की ॲम्ब्युलन्समध्येच रक्तदाब कोसळतो.

घोषणा चार डॉक्टर मिळून करतात: रुग्णालयाचे प्रमुख, शासनमान्य यादीतले तज्ज्ञ, न्यूरोफिजिशियन किंवा न्यूरोसर्जन (ते नसल्यास नियमांत दिलेले पर्यायी तज्ज्ञ) आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपणाच्या चमूतला कोणीही यात चालत नाही. चाचण्या दोनदा होतात, मधे किमान ६ तास. दोन्हींच्या नोंदी फॉर्म १० वर. अडते ते बहुधा पहिल्या चाचणीआधीच: झोपेच्या औषधाचा अंमल उतरलेला नसतो, अंग गार असते किंवा सोडियम बिघडलेले असते. अशा वेळी ॲप्निया टेस्ट (व्हेंटिलेटर थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहणे) करताच येत नाही.

म्हणून पहिल्या चाचणीआधीचा वेळ आणि मधले ६ तास नर्सच्या हातातले असतात. दर तासाला लघवी मोजायचीच. ती तासाला ३०० मिलीच्या वर गेली आणि पाण्यासारखी दिसू लागली, तर डायबेटिस इन्सिपिडस समजून लगेच कळवा. मेंदूकडून येणारे, लघवी आवरणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक थांबलेले असते. तासाभराचा उशीरही महागात पडतो, कारण रक्तदाब ढासळतो आणि सोडियम चढते. ते १५५ च्या वर गेले की यकृत हातचे जाऊ शकते. लक्षात ठेवायला शंभरचा नियम सोपा: वरचा रक्तदाब १०० च्या वर, लघवी तासाला साधारण १०० मिली, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (टक्के नव्हे) १०० च्या वर. नाडी मंदावली तर ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही, कारण ते ज्या व्हेगस या मज्जातंतूवर काम करते तिचे मेंदूतले केंद्रच बंद पडलेले असते. पापण्या मिटवून त्यावर ओले गॉज ठेवा; बुबुळ कोरडे पडले की नेत्रदान हुकते. आणि बोट किंवा हात हलू शकतो, ही हालचाल मज्जारज्जूची असते, हे नातेवाइकांना आधीच सांगा. अचानक पाहिले की होकार दिलेले घरही मागे फिरते, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

संमती फॉर्म ८ वर. रुग्ण १८ वर्षांखालील असेल तर आई किंवा वडील फॉर्म ९ भरतात. रुग्णाने हयातीत अवयवदानाच्या संकल्पाचा फॉर्म ७ भरला असला, तरी व्यवहारात घरच्यांचा होकार घेतलाच जातो. एका जवळच्या नातेवाइकाचा विरोध आहे असे कळले, तर दुसऱ्याच्या सहीवर पुढे जाता येत नाही. सोलापुरात पुष्कळ घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. फॉर्म त्यांच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये. सोबत रुग्णाचे आणि सही करणाऱ्याचे आधार कार्ड, नाते दाखवणारे रेशन कार्डासारखे काही, सीटी स्कॅन, रक्तगट, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी चे रिपोर्ट एकाच फाइलला लावा. नावातल्या स्पेलिंगचा फरक तेव्हाच पाहून घ्या.

अपघाताची केस असेल तर एमएलसी (पोलिसांत नोंदवायची मेडिको-लीगल केस) क्रमांक हवाच. डॉक्टरांनी पोलिसांना लेखी विनंती करायची आणि तिची प्रत त्याच वेळी पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांना द्यायची. अपघात टेंभुर्णीचा आणि रुग्ण शहरात, अशा वेळी कागद दोन पोलीस ठाण्यांमध्ये फिरतो. रुग्णालयातल्या चौकीतूनही ही विनंती देता येते. पहिली चाचणी झाली की पोलिसांना तोंडी कल्पना द्या; संमतीची सही झाल्यावर लेखी पत्र लगेच जाऊ शकते.

घाई कशासाठी, तर काढलेले हृदय ४ ते ६ तासांतच बसवावे लागते. पुणे रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर. मूत्रपिंड साधारण एक दिवस टिकते.

अवयवदानासाठी शरीर सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च नियमानुसार दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. बिलात तो दिसला तर समन्वयकाकडून लगेच कमी करून घ्या.