पोर्तुगाल–मोझांबिक संबंध

पोर्तुगाल आणि पूर्व आफ्रिकेतील त्याची जुनी वसाहत मोझांबिक यांच्यातील राजनैतिक संबंध. वास्को द गामा १४९८ मध्ये मोझांबिक बेटावर पोहोचला. देश स्वतंत्र झाला २५ जून १९७५ रोजी. स्वातंत्र्यानंतरही दोन प्रश्न दीर्घकाळ रेंगाळले, धरणाचा आणि हत्याकांडाचा. दोन्ही झांबेझी नदीकाठच्या तेते प्रांतातले आहेत, त्यामुळे या संबंधांची नाडी लिस्बन-मापुतो या राजधान्यांपेक्षा तेतेतच नीट सापडते.

या वसाहतीचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे. गोव्याशी असलेला हा धागा पुढेही तुटला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि त्यांना देशाबाहेर काढले. गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मात्र फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेचे नेते सामोरा माशेल यांचे विश्वासू सल्लागार झाले. १९७४ च्या वाटाघाटींआधी लिस्बनच्या नव्या राज्यकर्त्यांशी संधान बांधण्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९८६ च्या विमान अपघातात ते माशेल यांच्यासोबतच मरण पावले.

फ्रेलिमोचा सशस्त्र लढा सप्टेंबर १९६४ मध्ये सुरू झाला. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने हुकूमशाही उलथवली आणि युद्ध चालू ठेवण्याची इच्छाच सरली. जूनमध्ये झांबियातील लुसाका येथे पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरेश यांनी माशेल यांना मिठी मारली. दहा वर्षे लढलेल्या शत्रूशी बोलणी अशी सुरू झाली. ७ सप्टेंबरच्या लुसाका कराराने सत्तांतर ठरले. सुमारे २ लाख पोर्तुगीजांपैकी बहुतेकांनी देश सोडला. काहींना तर चोवीस तासांत, वीस किलो सामानानिशी निघण्याचा हुकूम मिळाला. त्या आठवणींची कटुता दोन्हीकडे बरीच वर्षे राहिली.

झेंडा बदलला तरी काहोरा बासा धरण बदलले नाही. २,०७५ मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पाची ८२ टक्के मालकी बांधकामाच्या कर्जापोटी पोर्तुगालकडेच राहिली. वीज मुख्यतः दक्षिण आफ्रिकेला विकायची होती, पण तिकडे जाणाऱ्या सुमारे १,४०० किलोमीटरच्या वाहिनीचे मनोरे यादवी युद्धात (१९७७–९२) रेनामोच्या बंडखोरांनी पाडले. विक्री थांबली, कर्ज वाढत गेले. ऑक्टोबर २००६ मध्ये ९५ कोटी डॉलरचा करार झाला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये मोझांबिकचा वाटा ८५ टक्क्यांवर गेला. ‘काहोरा बासा आमचे आहे’, असे राष्ट्राध्यक्ष आर्मांदो गेबुझा यांनी तेव्हा जाहीर केले. स्वातंत्र्याला बत्तीस वर्षे उलटली होती.

मधल्या काळात राजकीय संबंध बरेच सुधारले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या पोर्तुगीज भाषक देशांच्या समुदायाचे दोघेही संस्थापक सदस्य आहेत. त्याआधी १९९५ मध्ये मोझांबिक राष्ट्रकुलातही गेला होता. काबो देल्गादो प्रांतातील बंडाळीमुळे २०२१ पासून पोर्तुगीज लष्करी प्रशिक्षकही मोझांबिकमध्ये गेले.

दुसरा प्रश्न विरियामूचा. १६ डिसेंबर १९७२ रोजी पोर्तुगीज कमांडोंनी विरियामू आणि शेजारच्या वाड्यांतील सुमारे ४०० गावकऱ्यांना ठार केले. मिशनरींनी मृतांची नावे गोळा केली. जुलै १९७३ मध्ये, पंतप्रधान मार्सेलो काएतानो यांच्या लंडन दौऱ्याच्या तोंडावर, ब्रिटिश धर्मगुरू एड्रियन हेस्टिंग्ज यांनी ही हकीकत ‘द टाइम्स’मध्ये छापून आणली. अशा नावाचे गावच अस्तित्वात नाही, अशी सारवासारव पोर्तुगालच्या बाजूने झाली. हत्याकांडाला पन्नास वर्षे पूर्ण व्हायला साडेतीन महिने उरले असताना, २ सप्टेंबर २०२२ रोजी, पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांनी मापुतोत या अक्षम्य कृत्याबद्दल माफी मागितली आणि गावाचे नाव स्पष्टपणे उच्चारले. विरियामू तेथून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे.