सिंगापूरसमोरून जाणाऱ्या जहाजांना टोल भरावा लागतो का?

‘समोरून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून टोल घेऊन सिंगापूर श्रीमंत झालं’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सुएझ आणि पनामाला पैसे मोजावे लागतात हे ठाऊक असल्यानं तो पटतोही. पण ते कालवे माणसानं खोदलेले. सिंगापूरसमोरची सामुद्रधुनी, म्हणजे दोन किनाऱ्यांमधला समुद्राचा अरुंद पट्टा, निसर्गाची.

1982 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा करारातलं कलम 26 सांगतं, की परक्या जहाजाकडून केवळ ते आपल्या सागरी हद्दीतून गेलं म्हणून पैसे घेता येत नाहीत. घेता येतात ते दिलेल्या सेवेचे. कलम 44 नुसार सामुद्रधुनीतली ये-जा किनारी देशाला अडवता येत नाही. करार नेटवर फुकट वाचता येतो.

याचा अर्थ तिथं मोकळं रान आहे असा नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वेगळ्या लेन आखल्या आहेत. 300 टनांच्या वरच्या जहाजानं रेडिओवर आपली माहिती कळवायचीच. प्रचंड टँकरच्या तळाखाली कायम किमान 3.5 मीटर पाणी हवं. लेनमध्ये नांगर टाकणं शक्यतो टाळायचं. थांबायचं तर बंदराच्या हद्दीतल्या नेमून दिलेल्या जागी.

गोंधळ इथंच होतो. बंदरात शिरून नांगर टाकला, इंधन भरलं, जहाजाला वाट दाखवणारा पायलट घेतला, की बिल येतं. जहाजांचा लाइव्ह नकाशा उघडून बघा: खोळंबलेली जहाजं बंदराजवळ दाटीनं दिसतील, आणि न्हावा शेवाहून चीनकडे निघालेलं एखादं न थांबता लेनमधून पुढे सरकताना. टोलनाका कुठंच नाही.