अमेरिका! अमेरिका!!

अमेरिका! अमेरिका!! : परदेशी स्थायिक होण्याची ओढ आणि त्यापायी जिवाभावाच्या माणसांत पडणारे अंतर यांवर बेतलेला कन्नड चित्रपट. दिग्दर्शक नागतिहळ्ळी चंद्रशेखर (जन्म १९५८). प्रमुख भूमिका रमेश अरविंद, अक्षय आनंद व हेमा पंचमुखी यांच्या. संगीत मनो मूर्ती यांचे. एलिया कझान यांच्या १९६३ सालच्या सारख्याच नावाच्या अमेरिकन चित्रपटाशी याचा घोटाळा होऊ नये. अनातोलियातून निघालेल्या ग्रीक तरुणाची ती कथा वेगळी आहे.

चित्रपटाच्या वर्षाबाबत सूचीकारांत एकवाक्यता नाही. १९९५, १९९६ व १९९७ अशी तिन्ही वर्षे छापलेली आढळतात. चव्वेचाळिसाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट ठरला, आणि ते पुरस्कार १९९६ सालच्या चित्रपटांसाठी होते. पात्रता ठरते ती सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून, चित्रपटगृहात लागल्याच्या तारखेवरून नव्हे. प्रमाणपत्र १९९५ मध्येच मिळाले असते तर चित्रपटाचा विचार आदल्या फेरीत व्हायला हवा होता. त्या फेरीत कन्नडचा पुरस्कार गिरीश कासरवळ्ळी यांच्या ‘क्रौर्य’ला मिळाला. त्यामुळे १९९५ हे फार तर निर्मितीचे वर्ष असावे. प्रस्तुत नोंदीत १९९६ हे वर्ष ग्राह्य धरले आहे. सर्वत्र प्रदर्शन त्यानंतर झाले असणे शक्य आहे आणि १९९७ या नोंदीचा उगम बहुधा तिथेच असावा.

नागतिहळ्ळी हे मंड्या जिल्ह्याच्या नागमंगल तालुक्यातील गाव. दिग्दर्शकाच्या नावात ते गावच आहे. चंद्रशेखर मुळात कथाकार आणि प्रवासवर्णनकार. ‘उंडु होदा कोंडु होदा’ (१९९२) हा दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट. कुं. वीरभद्रप्पा यांच्या कथेवरील ‘कोट्रेशी कनसु’ (१९९४) लाही कन्नडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तो खेड्यातल्या दलित मुलाच्या शिक्षणाचा चित्रपट. तिथून थेट अमेरिकेच्या महामार्गांवर आलेल्या या दिग्दर्शकाने विषय बदलला असे वाटते खरे, पण गाव सोडून पुढे जाण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

कथानक तीन बालमित्रांचे. सूर्य, शशांक आणि भूमिका. सूर्य, चंद्र आणि भूमी ही नावांमागची योजना उघडच आहे, काहीशी जास्तच उघड. सूर्य मायदेशी राहू पाहणारा, शशांकला अमेरिकेचे वेड. भूमिका शशांकशी लग्न करून तिकडे जाते; पुढे सूर्यही तिथे पोहोचतो आणि बालपणीची मैत्री परक्या भूमीवर कसाला लागते. प्रेमत्रिकोण हा कन्नड व्यावसायिक चित्रपटाचा नेहमीचाच मालमसाला. इथे मात्र नायिकेने कोणाला निवडावे आणि कुठे राहावे, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. चित्रपटाचा कल मायदेशाकडे आहे, हे लपलेले नाही.

या विषयाला पार्श्वभूमी होती. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने आशियाई डॉक्टर-अभियंत्यांना दार उघडले. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाची वर्गवारी तयार करून तिला वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली. इकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्येच बंगळूरमध्ये बस्तान बसवले होते. त्या शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत ‘मुलगा स्टेट्समध्ये’ हे वाक्य ऐकू येऊ लागले आणि मागे उरलेले आईवडील हा नवाच सामाजिक गट तयार झाला. मराठी वाचकाला हे चित्र वेगळे सांगायला नको. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. तिथल्या कन्नड कूटांचीही (कन्नडिगांच्या मंडळांचीही) वाटचाल याच धर्तीची.

चित्रपट आज आठवतो तो मुख्यत्वे गाण्यांमुळे. मनो मूर्ती स्वतः कॅलिफोर्नियात राहणारे, संगणक उद्योगातले उद्योजक. संगीतकार म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट. ‘मुंगारु मळे’ (२००६) ने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले, ते दहाएक वर्षांनंतर. राजेश कृष्णन यांनी गायिलेले ‘नूरु जन्मकू’ सर्वाधिक लोकप्रिय ठरले. दुसऱ्या एका गाण्यात परदेशस्थ मंडळी आपला देश कसा आहे, आपली भाषा कशी आहे, आपली माणसे कशी आहेत, असे एकामागून एक विचारत सुटतात. भारतातून नुकत्याच आलेल्या पाहुण्याला चहा हातात पडायच्या आत ज्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते, तेच हे प्रश्न. स्वदेशप्रेमाच्या संवादांपेक्षा ही विचारपूस अधिक खरी वाटते.

अभ्यासकांत चर्चा होते ती मात्र गोपालकृष्ण अडिग (१९१८–१९९२) यांच्या कवितेच्या वापराची. अडिग हे कन्नड नव्य (आधुनिकतावादी) काव्याचे अग्रणी. ‘याव मोहन मुरळी’ या शब्दांनी ओळखली जाणारी ही कविता मात्र त्यांच्या आरंभीच्या, स्वप्नाळू वळणाची. कोणत्या मुरलीने तुला दूरच्या तीरी बोलावले, असे तीत विचारले आहे. हाती आहे ते सोडून नसलेल्याकडे धावणे म्हणजेच का जगणे, हा तिचा गाभा. कवितेतील दूरचा तीर म्हणजे एखादा देश नव्हे, ती माणसाची मूलभूत अतृप्ती आहे आणि चित्रपटाने तिला विमानतळावर आणून उभे केले, असा एक आक्षेप आहे. उलट, अर्थ मोकळा ठेवलेली कविता नव्या संदर्भात रुजणे हे तिचे सामर्थ्यच, असे दुसरी बाजू मानते. दुसऱ्या मतात तथ्य अधिक दिसते. चित्रपटात मुरली अमेरिकेची की मायदेशाची, हे प्रसंगाप्रसंगाने बदलत जाते, आणि कवितेचा प्रश्न तेवढा शाबूत राहतो. हे गीत राजु अनंतस्वामी व संगीता कट्टी यांनी गायिले आहे. राजु हे कन्नड सुगम संगीतातील म्हैसूर अनंतस्वामी यांचे पुत्र. कट्टी धारवाडच्या, किशोरी आमोणकरांकडे शिकलेल्या.

चंद्रशेखर यांच्या ‘हूमळे’ला १९९८ सालचा कन्नडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; त्याची पार्श्वभूमी आसामची आहे. ‘नन्न प्रीतिय हुडुगी’ (२००१) मध्ये ते पुन्हा अमेरिकेकडे वळले, ‘पॅरिस प्रणय’ (२००३) मध्ये युरोपकडे.