शुक्राणूही खवट होतो

"मामा, हा पिवळा रंग पोटात गेला की स्पर्म काउंट कमी होतो म्हणे?" दिवाळीला हॉस्टेलवरून आलेल्या भाच्याने विचारलं, तेव्हा त्याच्या हातात त्याच रंगाच्या कोल्ड्रिंकची अर्धी संपलेली बाटली होती. अफवा जुनीच, आमच्या वेळी ती व्हॉट्सअ‍ॅपशिवाय फिरायची.

बाटलीवर बारीक अक्षरांत १०२ हा आकडा होता. तो टार्ट्राझीन नावाच्या कृत्रिम पिवळ्या रंगाचा. उंदरांना हा रंग भरपूर पाजल्यावर शुक्राणू घटल्याचे काही प्रयोग आहेत, म्हणजे अफवा अगदीच हवेतली नाही. पण 'भरपूर' म्हणजे किती? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये कायम ठेवलेली मर्यादा रोज वजनाच्या किलोमागे ७.५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या भाच्याला ४५० मिलिग्रॅम. आपल्याकडे पेयात कृत्रिम रंग किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. म्हणजे तेवढा रंग पोटात जायला रोज साडेचार लिटर प्यावं लागेल, आणि त्यातली अर्धा किलोच्या आसपास साखर त्याआधीच हिशेब चुकता करेल.

तरी शुक्राणू नाजूक असतो हे खरंच, आणि का, ते मला फार आवडतं. कुटलेली जवसाची चटणी उन्हाळ्यात लवकर खवट होते. जवसाच्या तेलातल्या मुख्य मेदाम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. एखादा मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा कण) तो हिसकावतो, रिकाम्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो, आणि तयार झालेला नवा मूलक शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो. एकाने सुरू केलं की रांगच लागते. शुक्राणूच्या आवरणात असतं डीएचए नावाचं मेदाम्ल, त्यात दुहेरी बंध सहा! इतर पेशींकडे ही आग विझवणारी विकरं (एन्झाइम्स) पेशीद्रवात साठवलेली असतात. शुक्राणूने मात्र पोहायला हलकं व्हावं म्हणून पेशीद्रव जवळजवळ सगळा टाकून दिलेला. आवरण खवट झालं की ताठरतं, शेपटी वळवळेनाशी होते. उंदरांच्या त्या प्रयोगांत वृषणात वाढलेला दिसला तो हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. तंबाखूचा धूरही हेच करतो, पण त्यावर हॉस्टेलमध्ये कुणी मेसेज पाठवत नाही.

(रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, असं सांगून रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर पोट भरणाऱ्यांनी यावरही चूर्ण काढलं असेलच.)

मला भीती वाटते ती आकडा नसलेल्या पिवळ्याची. सुट्या लाडू-जिलबीत, हळदीत मेटानिल यलो मिसळल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. तो खाण्याचा रंगच नव्हे, कायद्याने बंद आहे, आणि प्राण्यांच्या वृषणांना त्याने इजा झाल्याचं दिसलेलं आहे. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि पाणी गुलाबी-जांभळं होऊन तसंच राहिलं, तर समजा तोच. हे शाळेच्या प्रयोगशाळेत करायचं, स्वयंपाकघरात नाही.

भाच्याच्या मित्राने आठ दिवस बाटली सोडून तपासणी करून घ्यायचं ठरवलंय. शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंतचा प्रवास. त्याच्या रिपोर्टात दिसतील ते गणपतीच्याही आधी, श्रावणात घडायला लागलेले.