नॉनस्टिकचा थर: धोका नेमका कुठे होता?

नॉनस्टिक भांड्यांचा विषय निघाला की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: तव्यावरचा थर, आणि तो थर बनवताना कारखान्यात वापरलेलं रसायन. लोक दोन्हींना सारखेच घाबरतात. मला ही गल्लत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यापायी घरातल्या खऱ्या चुका तशाच राहतात आणि ज्यांनी खरी किंमत मोजली ती माणसं विसरली जातात.

६ एप्रिल १९३८. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनतज्ज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. टेट्राफ्लुरोएथिलीन भरलेल्या नळकांड्याची झडप उघडली, तर आतून काहीच येईना. वजन मात्र भरलेल्या नळकांड्याइतकंच. वायू गळाला असता तर वजन घटायला हवं होतं. मग प्लंकेट आणि त्याचा मदतनीस जॅक रेबॉक यांनी नळकांडं सरळ करवतीने कापलं. आत पांढरी, मेणासारखी निसरडी भुकटी निघाली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या झाल्या होत्या. हेच पीटीएफई, म्हणजे आजच्या नॉनस्टिक थरातला पदार्थ. कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरिनचं इतकं घट्ट कवच असतं की आम्ल, तेल, पाणी, कुणाचीच तिथे डाळ शिजत नाही. म्हणूनच त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो अणुबॉम्बच्या प्रकल्पात, भयंकर गंजवणारं युरेनियम हेक्साफ्लुराइड हाताळणाऱ्या यंत्रांच्या जोडांसाठी. टेफ्लॉन हे त्याचं व्यापारी नाव १९४५ मध्ये नोंदलं गेलं.

स्वयंपाकघरात ते आलं फ्रान्समधून. मार्क ग्रेगोआर हा अभियंता १९५४ च्या सुमारास मासेमारीच्या सामानाला पीटीएफईचा लेप देण्याच्या खटपटीत होता. हाच लेप माझ्या पॅनना दे, असं त्याच्या बायकोने, कोलेतने, सुचवलं असं सांगतात. अडचण अशी होती की ज्याला काहीच चिकटत नाही, ते धातूला चिकटवायचं कसं? अॅल्युमिनियमवर आम्लाने सूक्ष्म खाचा पाडल्या की थर त्यांत रुतून बसतो, हा त्यावरचा तोडगा. थोडक्यात, थराची सगळी मदार या पकडीवर असते. धातूच्या कालथ्याने ओरखडे काढले किंवा तारेच्या घासणीने घासलं, की थर झिजतो आणि पकड सुटू लागते. लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा, मऊ घासणी, भांडी एकात एक ठेवताना मध्ये फडकं, हे सगळं एवढ्यासाठीच. १९५६ मध्ये टेफाल कंपनी उभी राहिली. टेफ्लॉनमधलं ‘टेफ’ आणि अॅल्युमिनियममधलं ‘अल’ जोडून हे नाव झालं.

थराचा एखादा कपचा पोटात गेला तर तो न पचता तसाच बाहेर पडतो. खरा धोका उष्णतेचा. पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं, ३५० च्या पुढे त्याचं विघटन जोरात होतं आणि विषारी वाफा निघतात. पॅनमध्ये पदार्थ असेल तर त्यातलं पाणी तापमान आटोक्यात ठेवतं. रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवून फोन घ्यायला गेलात, तर काही मिनिटांत तो ही मर्यादा ओलांडू शकतो. माणसाला काही तासांनी थंडी, ताप, छातीत आवळल्यासारखं होतं आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं. पाळलेले पक्षी मात्र त्याच वाफांनी बघता बघता मरतात. घरात पोपट असेल तर त्याचा पिंजरा ओट्यापासून लांबच हवा.

आता कारखान्याकडे. पीटीएफई बनवताना ड्यूपॉन्ट १९५१ पासून पीएफओए हे रसायन वापरत असे. तयार पॅन भट्टीत भाजला जातो, त्यामुळे त्यात ते जवळपास उरत नाही. ते उरलं ते वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ, कारखान्याच्या आसपासच्या पाण्यात आणि माणसांच्या रक्तात. गाई मरत असलेल्या एका शेतकऱ्यासाठी वकील रॉबर्ट बिलट यांनी १९९९ मध्ये खटला भरला. त्यातून कागदपत्रं बाहेर आली. गावच्या नळाच्या पाण्यात हे रसायन असल्याचं कंपनीला १९८४ मध्येच आढळलं होतं, हे वाचून आजही संताप येतो. पुढे सुमारे ६९,००० रहिवाशांची तपासणी झाली. तिच्याआधारे शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत सहा विकारांशी या रसायनाचा संबंध संभवतो असा निष्कर्ष काढला. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोगही होता.

मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत पीएफओए बंद केलं. तेव्हा खोक्यावरचं ‘पीएफओए-मुक्त’ सहसा खरं असतं, पण त्याचा अर्थ थर पीटीएफईचा नाही असा होत नाही. शिवाय बदली म्हणून आणलेलं जेनएक्स हे त्याच कुळातलं, म्हणजे कार्बनला फ्लोरिन जोडलेलं, रसायन नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत सापडलं, आणि त्या नदीचं पाणी लोक पितात. मिनेसोटा राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून, मुद्दाम वापरलेली या कुळातली रसायनं असलेल्या स्वयंपाकाच्या भांड्यांची विक्रीच थांबवली. पीटीएफईचा थरही त्यात आला.