पाळी जाण्याच्या काळातील नोंद : डाग वेगळे, पाळी वेगळी

आमच्या नौपाड्यातील चिकित्सालयात येणाऱ्या बहुतेक भगिनी पाळी आल्याची तारीख अचूक सांगतात. मात्र रक्तस्राव किती दिवस चालला आणि मध्ये डाग लागले होते का, हे विचारले की अडखळतात. दिनदर्शिकेवर आल्या दिवसाभोवती तेवढा गोल असतो आणि जानेवारीत ती दिनदर्शिकाही रद्दीत जाते. मग तपासणीचा अर्धा वेळ आठवण्यातच संपतो.

यासाठी कळकळीची विनंती अशी, की डाग आणि पाळी एकाच खुणेने लिहू नयेत. पॅड घ्यावे लागले नाही, तर केवळ ‘डाग’ असे लिहावे, आणि अंतर एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावे. मध्येच लागलेल्या डागांना पाळी धरल्यास 28 दिवसांचे चक्र कागदावर 14 दिवसांचे दिसते. लागोपाठच्या चक्रांत 7 किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागणे ही पाळी जाण्याच्या या संक्रमणकाळाची सुरुवात, 60 दिवस किंवा त्याहून मोठा खंड हा पुढचा टप्पा, आणि सलग 12 महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती, असे मानले जात असल्याने एका चुकीच्या खुणेने सारा हिशेब बदलतो. गणपतीसाठी किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्यांच्या तारखाही न संकोचता लिहाव्यात. अंगातून वाफा येणे, रात्री घाम फुटणे, झोपमोड होणे हेही त्याच ओळीत यावे.

‘सरळ रक्ततपासणीच का करत नाही?’ अशी नाराजी काही जणी व्यक्त करतात. या काळात रक्तात मोजल्या जाणाऱ्या एफएसएचची (बीजांडकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकाची) पातळी एकाच महिन्यात वरखाली होते. त्यामुळे पंचेचाळिशीनंतर एका अहवालापेक्षा तीन महिन्यांची प्रामाणिक नोंद आम्हांला अधिक सांगते, आणि आपला खर्चही वाचतो.

मात्र तासाला एक पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा 12 महिन्यांच्या खंडानंतर थोडासाही डाग लागला, तर नोंदीसाठी न थांबता लगेच यावे.

दोन वर्षांची छापील नोंदवही स्वागतकक्षात 40 रुपयांना मिळते. नियमित तपासणीस येणाऱ्यांना ती विनामूल्य दिली जाते. मोबाइलवरील अ‍ॅपही चालेल, परंतु त्यातील अंदाजाच्या तारखा नव्हे, प्रत्यक्ष स्रावाच्या तारखाच दाखवाव्यात.